हजारात किती, तेही सांगा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, जालना
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जालना

विषय : लस आणि औषधांचे धोके लोकांना पूर्ण आकड्यांत सांगण्याबाबत

महोदय,

२ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसीकरणाची रंगीत तालीम महाराष्ट्रातल्या ज्या चार जिल्ह्यांत झाली, त्यांत पुणे, नागपूर आणि नंदुरबारबरोबर जालना होता. लस कुठल्या खोलीत टोचायची, नोंद कशी करायची, टोचल्यावर माणसाला अर्धा तास कुठे बसवायचे, हे त्या दिवशी प्रत्यक्ष करून पाहिले गेले. पुढे प्रचंड संख्येने डोस दिले गेले, ते या शिस्तीमुळेच. पण त्या अर्ध्या तासात खुर्चीवर बसलेल्या माणसाशी काय बोलायचे, त्याने धोक्याबद्दल विचारले तर कोणता आकडा सांगायचा, याची तालीम आपल्या यंत्रणेत नीट अशी कधीच होत नाही. बोलणे म्हणजे उपचार झाल्यावर दाखवायचे सौजन्य, असे आपण धरून चाललो आहोत. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने हे गृहीतक पार मोडीत काढले आहे. औषध देताना काय सांगितले, कसे सांगितले, यावर रुग्णाला किती बरे वाटेल आणि किती त्रास जाणवेल हे बऱ्याच अंशी ठरते. हा परिणाम मोजता येतो आणि तो मोजलाही गेला आहे. म्हणून माझे मागणे एकच आहे. जालना जिल्ह्यात प्रत्येक लस आणि प्रत्येक दीर्घकाळ घ्यायचे औषध देताना त्याचा धोका लोकांना पूर्ण सांगावा, आकड्यात सांगावा आणि तुलनेसह सांगावा.

एप्रिल २०२४ च्या अखेरीस जे घडले, ते आपल्या दोन्ही कार्यालयांना वेगळे सांगायला नको. ब्रिटनमधल्या खटल्यात अॅस्ट्राझेनेका कंपनीने न्यायालयाला दिलेल्या कागदपत्रांत एक गोष्ट मान्य केली होती : त्यांच्या लसीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा विकार होऊ शकतो. हीच लस आपल्याकडे कोविशील्ड म्हणून दिली गेली. बातमी आली आणि दोन-तीन दिवसांत घरोघरी मोबाइलवर फिरली. तीन वर्षांपूर्वी लस घेतलेली माणसे आपल्या छातीत काही होते का, पाय जड वाटतो का, हे चाचपू लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतून (आयसीएमआर) निवृत्त झालेले डॉ. रमण गंगाखेडकर यांनी त्या आठवड्यात जाहीरपणे समजावले, की हा धोका दहा लाखांत सात-आठ जणांना असतो, पहिल्या डोसनंतर तो सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या डोसांनंतर आणखी उतरतो. त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण ते लोकांच्या कानी पडेपर्यंत भीती घरात शिरून बसली होती.

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र २०२४ मधली नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजीच एक निवेदन प्रसिद्ध केले होते. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीने ४९८ गंभीर घटना तपासल्या, त्यांतल्या २६ घटना कोविशील्डनंतरच्या संभाव्य गुठळ्यांच्या निघाल्या, म्हणजे दर दहा लाख डोसमागे ०.६१, असे त्यात स्पष्ट छापले होते. लस घेतल्यावर वीस दिवसांत धाप लागणे, छातीत दुखणे, पाय सुजणे यांपैकी काही झाले तर लगेच दवाखान्यात यावे, अशी सूचनाही त्यात होती. आपणहून आलेल्या नोंदींवरून काढलेला आकडा साधारणपणे कमी भरतो, त्यामुळे ०.६१ आणि सात-आठ यांत फरक असणारच. तरी दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जालना जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेएकोणीस लाख आहे. त्या प्रत्येकाने ही लस घेतली असे मानले आणि मोठा आकडा धरला, तरी अख्ख्या जिल्ह्यात पंधराच्या आसपास माणसांना हा विकार होण्याची शक्यता होती. ती पंधरा माणसेही कुणाच्या तरी घरातली असतात, म्हणून हा आकडा दडवायचा नसतो. लस टोचतानाच हा आकडा आणि ते वीस दिवस मंठ्याच्या, जाफराबादच्या माणसाला कुणी सांगितले असते, तर तीन वर्षांनी आलेली बातमी त्याला जुनीच वाटली असती. कुणी न सांगितल्यामुळे ती त्याला कबुलीजबाब वाटली, आणि मग ‘अजून काय काय लपवले असेल’ हा प्रश्न त्याच्या मनात आला. तो प्रश्न आता पुढच्या प्रत्येक लसीच्या वाटेत उभा राहणार आहे.

आता तुलनेचे बघू. कारण धोक्याचा आकडा एकटाच सांगितला तर तोही फसवू शकतो. भारतात झालेल्या कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक लोक होते. निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना विषाणूचा अंश नसलेली पण तशीच दिसणारी सुई, म्हणजे प्लासिबो, टोचली. कुणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि टोचणाऱ्यालाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निकाल आला. लस घेतलेल्यांपैकी १२.४ टक्के लोकांनी काही ना काही त्रास नोंदवला होता. आणि विषाणूचा अंश नसलेली सुई घेतलेल्यांपैकीही १२.४ टक्के लोकांनीच. मोजलेली माणसेसुद्धा दोन्हीकडे सारखीच भरली, १,५९७ आणि १,५९७. ‘आठातल्या एकाला त्रास झाला’ हे वाक्य खरे आहे, पण दुसऱ्या गटाचा आकडा शेजारी ठेवला नाही तर ऐकणाऱ्याचा त्यातून चुकीचाच समज होतो. मे २०२४ मध्ये नेमके हेच घडले. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी कोव्हॅक्सिन घेतलेल्या ९२६ जणांचा पाठपुरावा करून जवळपास एक तृतीयांश जणांना वर्षभरात काही ना काही दखलपात्र आजार झाल्याचे छापले आणि त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. लस न घेतलेल्या तशाच लोकांना त्या वर्षात काय काय झाले, हे त्या अभ्यासात नव्हते. आयसीएमआरने त्यावर लेखी हरकत घेतली आणि पुढे त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र पहिल्या बातमीइतकी फिरली नाही.

सुईत लस नसतानाही हजारो माणसांचे डोके दुखते, अंग मोडून येते, हे कसे? ही माणसे खोटे बोलत नसतात. हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी कोविड लसींच्या बारा चाचण्यांमधल्या ४५,३८० लोकांची आकडेवारी एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात प्लासिबो घेतलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांना पहिल्या सुईनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी झाल्या होत्या. लस घेतलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे पहिल्या डोसनंतरच्या अशा तक्रारींतला सुमारे तीन चतुर्थांश भाग लसीच्या द्रव्यामुळे आलेला नव्हता. दुसऱ्या डोसनंतर हा वाटा निम्म्यावर येतो, कारण तेव्हा लसीचा स्वतःचा त्रास खरोखरच जास्त असतो. त्रास होणार अशी अपेक्षा असली की शरीराकडे लक्ष लागते आणि एरवी दुर्लक्षित राहिली असती अशी कणकण जाणवते. एप्रिल-मेच्या उन्हात मोसंबीच्या बागेतून आलेल्या माणसाचे डोके लस न घेताही दुखते. फक्त त्या दिवशी त्याला दुखण्याचे कारण आयते मिळालेले असते. भीतीने तर वेदना प्रत्यक्षात वाढते. या परिणामाला संशोधक नोसिबो म्हणतात. प्लासिबोत अपेक्षेने बरे वाटते, नोसिबोत अपेक्षेनेच त्रास होतो.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या तपासण्या आता उपकेंद्रापर्यंत पोहोचल्या असल्याने आपल्या कामाचीही आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी ६० असे रुग्ण घेतले, ज्यांनी अंगदुखी व इतर त्रासांमुळे स्टॅटिन ही गोळी सोडून दिली होती. वर्षभरात त्यांना चार महिने स्टॅटिन, चार महिने तशीच दिसणारी रिकामी गोळी आणि चार महिने काहीच नाही, असे उलटसुलट क्रमाने दिले गेले आणि रोजचा त्रास शंभरांपैकी गुण देऊन नोंदवायला सांगितला. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले, रिकाम्या गोळीच्या महिन्यांत १५.४, आणि स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. त्रास खरा होता, पण त्यातला नव्वद टक्के भाग गोळी घेण्याच्या कृतीतून येत होता, औषधातून नाही. प्रत्येक रुग्णाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवून हे समजावले गेले, तेव्हा साठांपैकी तीस जणांनी गोळी पुन्हा सुरू केली. त्यांना कुणी दटावले नव्हते आणि तुमचा त्रास खोटा आहे असेही कुणी म्हटले नव्हते. त्यांना फक्त आकडा दाखवला होता, तोही तुलनेसह.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे. सांगितल्यानेच त्रास होत असेल तर सांगायचेच कशाला? इटलीत प्रोस्टेटच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात फिनास्टेराइड या गोळीचा लैंगिक दुष्परिणाम ज्यांना आधी सांगितला, त्यांच्यात ४३ टक्क्यांनी तो नोंदवला. ज्यांना सांगितला नाही, त्यांच्यात १५ टक्क्यांनी. हा फरक डोळ्याआड करता येत नाही. तरी यावरून गप्प बसण्याचा सल्ला निघत नाही, असे माझे ठाम मत आहे. एक तर आजच्या काळात गप्प बसणे हा पर्यायच उरलेला नाही. दवाखान्याने जे सांगितले नाही ते मोबाइल सांगतो. आणि मोबाइलवर येतो तो सर्वांत भयंकर प्रसंग, त्याचा आकडा येत नाही. नोसिबो टाळायला गेलो तर नोसिबोच दुप्पट करून घेऊ. दुसरे म्हणजे संमती. आपल्या शरीरात काय जाते आहे हे जाणून घेण्याचा हक्क बदनापूरच्या शेतमजूर बाईलाही मुंबईतल्या वकिलाइतकाच आहे. तिला त्रास होऊ नये म्हणून तिच्यापासून माहिती लपवणे ही दया नव्हे, तिला अज्ञानात ठेवणे आहे. आणि तिसरे, कसे सांगायचे याचे पुरावे आपल्या हाताशी आहेत. कॅनडात फ्लूच्या लसीबाबत एकच माहिती दोन प्रकारे दिली गेली. एका गटाला किती जणांना त्रास होतो हे सांगितले, दुसऱ्याला किती जणांना होत नाही हे. आकडा एकच, पण दुसऱ्या गटाने त्रास कमी नोंदवला आणि कामावरून सुट्ट्याही कमी घेतल्या. ‘शंभरातल्या नव्वद जणांना काहीच होत नाही, दहांचे अंग दुखते आणि ते दोन दिवसांत थांबते’ या वाक्यात लपवलेले काही नाही. शिवाय ‘रिकाम्या सुईनेही यांतल्या कित्येकांचे अंग दुखते’ हेही सांगता येते, कारण तेही सत्यच आहे.

इथे एक काळजी घ्यायला हवी. सगळा त्रास मनाचा, असे एकाही आरोग्यसेविकेच्या तोंडून जाता कामा नये. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांवर देतात त्या पेंटाव्हॅलंट लसीने येणारा ताप हा लसीचाच असतो. थर्मामीटर अपेक्षेने चढत नाही. शाळेत रांगेत उभ्या मुलींपैकी एकीला भोवळ आली की पाठोपाठ चौघींना येते, ती भीतीने येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा प्रतिक्रियांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आणि त्यात या मुलींचा त्रास खराच मानला आहे. कारण कुठलेही असो, त्रास होणाऱ्याला तो होतोच. कोणता त्रास औषधाचा, कोणता भीतीचा आणि कोणता धोक्याची खूण, हे वेगळे करून सांगायला हवे.

दुसरा आक्षेप असा, की खेड्यातल्या माणसाला टक्केवारी कळत नाही. जालन्यात तरी हे कुणी म्हणू नये. बियाण्यांच्या धंद्यासाठी देशभर ओळखले जाणारे हे शहर आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली. इथला शेतकरी बियाण्याच्या पिशवीवर छापलेली उगवणक्षमता वाचल्याशिवाय पैसे काढत नाही. सोयाबीन घरचे असेल तर तो पेरणीआधी शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवडाभराने उघडून कोंब मोजतो. सत्तर निघाले तर नेहमीचे बियाणे, साठ-पासष्ट निघाले तर एकरी थोडे वाढवायचे, त्याहून कमी तर बियाणेच बदलायचे. शंभरात किती, हा हिशेब त्याच्या बोटांवर आहे आणि त्यावर तो वर्षाची कमाई लावतो. उगवण सत्तर म्हणजे तीस दाणे जाणार, हेही त्याला ठाऊक असते आणि त्याने तो पेरणी सोडत नाही. लोकांना न कळणारी गोष्ट आकडा नाही. ‘धोका दुप्पट’, ‘परिणाम पन्नास टक्क्यांनी वाढला’ अशी अर्धवट वाक्ये कळत नाहीत, कारण ती कळण्यासारखी नसतातच. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. घाबरलेल्या हजारो बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाले. ती दुप्पट वाढ सात हजारांत एकावरून सात हजारांत दोनवर होती. एवढे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितले असते तर त्या बायकांवरची वेळ टळली असती.

आता सलाइनकडे वळतो, कारण मराठवाड्यात प्लासिबोचा सर्वांत मोठा आणि सर्वांत महागडा वापर तिथे होतो, आणि धोका सांगण्याच्या प्रश्नाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. अशक्तपणा आला, हातपाय गळाले, की ‘एक बाटली लावा’. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीतून याहून जास्त मिळते. साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. उलटी-जुलाबाने कोरडे पडलेल्या किंवा तोंडाने काही घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला ही बाटली जीवदान देते, यात शंका नाही. पण चालत आलेल्या, जेवू शकणाऱ्या माणसाला तिच्याने जे बरे वाटते त्याचे कारण त्या साखर-मिठात सापडत नाही. तरी त्याला बरे वाटते, हे खरे आहे. या लोकांना अडाणी म्हणणे मला मान्य नाही. अर्धशिशीच्या चाचण्यांत टोचलेल्या प्लासिबोने ३२ टक्के लोकांना आराम पडला, तर गिळलेल्या प्लासिबोने २६ टक्के लोकांना. सुई गोळीपेक्षा जास्त गुण देते, हा गावकऱ्यांचा अनुभव या आकड्यांशी जुळतो. १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगात दिसले, की मेंदूतल्या वेदनाशामक द्रव्यांचे काम अडवणारे औषध दिले की प्लासिबोचा आराम ओसरतो. म्हणजे हा आराम शरीरात प्रत्यक्ष घडतो.

मग लावली बाटली तर बिघडले काय, असा तिसरा आक्षेप असतो, आणि खेड्यातले कित्येक डॉक्टर तो मनापासून मांडतात. रुग्णालाच हवी असते, नाही म्हटले तर तो पुढच्या गल्लीत जातो. याचे उत्तर दम्याच्या एका अभ्यासात आहे. २०११ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दम्याच्या रुग्णांना आळीपाळीने खऱ्या औषधाचा इनहेलर, रिकामा इनहेलर आणि खोटे अॅक्युपंक्चर दिले. किती बरे वाटले असे विचारल्यावर तिन्ही वेळी रुग्णांनी साधारण सारखेच सांगितले, ५०, ४५ आणि ४६ टक्के. फुफ्फुसाची ताकद यंत्रावर मोजली तेव्हा खऱ्या औषधाने ती २० टक्के वाढली होती, बाकी दोन्हींनी सुमारे ७. रुग्णाला बरे वाटत होते आणि श्वासनळी आवळलेलीच होती. प्लासिबोचा धोका हाच आहे. तो दुखणे हलके करतो, आजार तसाच ठेवतो आणि दवाखान्यात वेळेवर जाण्याची निकड घालवतो. त्यात सुईचा स्वतःचा धोका. या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या देशव्यापी पाहणीत वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली सुमारे ६३ टक्के असुरक्षित असतात, असे आढळले होते. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे हेपॅटायटिस ब पसरला आणि अनेकांचे जीव गेले. बाटली लावताना हा धोका कुणीही सांगत नाही. लसीचा दहा लाखांतला धोका गावभर होतो आणि रोजच्या अनावश्यक सुईचा धोका कुणाच्या तोंडी नसतो, कारण आपण कुठलाच धोका आकड्यात सांगायची सवय लावलेली नाही.

सुईतला गुण सुईशिवाय मिळू शकतो का? बराचसा मिळतो. हार्वर्डच्या टेड कॅपचक यांनी २००८ मध्ये आतड्याच्या चिवट दुखण्याचे २६२ रुग्ण तीन गटांत वाटले. एक गट नुसता प्रतीक्षायादीत, दुसऱ्याला मोजक्या शब्दांत खोटे अॅक्युपंक्चर, तिसऱ्यालाही तेच, पण आधी पाऊण तास निवांत विचारपूस करून. पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे निघाले अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला १८ टक्क्यांचा फरक फक्त माणसाशी नीट बोलण्याचा आहे. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी रुग्णांना ‘या गोळीत औषध नाही’ असे स्पष्ट सांगून ती दिली, तरी ५९ टक्के लोकांना आराम पडला. काहीच न दिलेल्यांत ३५ टक्के लोकांना. फसवणूक केल्याशिवाय गुण येत नाही, हा समज यातून डळमळतो.

यंत्रणेला वेळ नाही, हा आक्षेप मी हलका मानत नाही. बाह्यरुग्ण विभागातली रांग आणि आशाताईंच्या डोक्यावरच्या नोंदवह्या सगळ्यांना दिसतात. पाऊण तासाची विचारपूस प्राथमिक आरोग्य केंद्रात शक्य नाही, मी ती मागतही नाही. पण लसीकरण सत्रात आरोग्यसेविकेने आईला चार गोष्टी सांगायच्या, हा नियम आजही आहे : कोणती लस आणि ती कशासाठी, किरकोळ त्रास झाला तर काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवायचे. यांतली दुसरी गोष्ट आकड्यासह सांगायला जादा अर्धे मिनिट लागेल. त्यासाठी आशाताईच्या हाती गावच्या बोलीतले एक पान असावे. त्यावर हजार ठिपके छापलेले, त्यांतले लस घेतल्यावर त्रास होणारे एका रंगात आणि रिकाम्या सुईनेही तसाच त्रास होणारे शेजारी दुसऱ्या रंगात. लस न घेतलेल्या हजारांत तो आजार किती जणांना होतो तेही. खाली मोठ्या अक्षरांत, कोणती दोन-तीन लक्षणे दिसली तर वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. तोच आकडा वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगावा, अंगणवाडीताईने सांगावा, सरपंचाने विचारले तर त्यालाही तोच मिळावा. एका धोक्याचे चार तोंडी चार आकडे झाले की लोक पाचव्याचे ऐकतात.

हे काम आता करायला हवे, याचे कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या कर्करोगाचे वर्षात सुमारे १ लाख २४ हजार नवे रुग्ण आणि ७७ हजार मृत्यू होते. मराठवाड्याने या आजाराच्या अभ्यासात जगाला काही दिले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००९ मध्ये आला. हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आठ वर्षांत दर दहा हजार बायकांमागे साधारण वीसवरून दहावर. ‘निम्मे’ आणि ‘दहा हजारांत दहा’ हे दोन्ही सांगायला हवे. आता जपानकडे पाहा. २०१३ मध्ये तिथे लसीनंतर मुलींना दुखणी जडल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने शिफारस थांबवली. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेले लसीकरण एक टक्क्याच्या खाली गेले. नागोया शहराने सुमारे तीस हजार तरुणींना २४ लक्षणांबद्दल विचारले. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत ती सारखीच निघाली. तरी शिफारस पूर्ववत व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. २०१३ ते २०१९ या काळातल्या घसरणीमुळे पुढे पाच हजारांहून अधिक जादा मृत्यू होतील, असा अंदाज आहे. उलट बाजूची चूक आपल्याच देशात झाली. २०१० मध्ये खम्मम आणि वडोदरा इथला या लसीचा प्रकल्प थांबवावा लागला. तिथल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण पालकांची संमती नीट घेतली नसल्याचे संसदीय समितीने पुढे नोंदवले. लस निर्दोष होती, सांगणे सदोष होते, आणि त्याची किंमत देशाने कितीतरी वर्षांच्या संशयाने मोजली.

या लसीचा विषय जिल्ह्यातल्या शाळांच्या दारात येईल तेव्हा आठवी-नववीतल्या मुलीच्या आईला काय सांगायचे, हे आधी ठरवा. आणि माझी सूचना कितपत चालते हेही तपासून घ्या. २०२४ पासून जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाला सोबत घेऊन आठ तालुक्यांतली काही आरोग्य केंद्रे चिठ्ठी टाकून निवडा. निम्म्या केंद्रांत हजार ठिपक्यांचे पान द्या, निम्म्यांत नेहमीसारखे चालू ठेवा. मग दोन्हीकडे किती आयांनी मुलीला लस दिली, आठवडाभरात किती जणींनी कोणता त्रास सांगितला, किती मुली पुढच्या तपासणीला परत आल्या, आणि महिन्याभराने आईला धोक्याचा आकडा आठवतो का, एवढेच मोजा. पान दिल्याने लसीकरण घटले असे निघाले तर तेही निघू द्या, आणि निकाल माझ्या म्हणण्याच्या उलट गेला तरी जिल्हा परिषदेच्या सूचना फलकावर लावा.

आपला,
जालना जिल्ह्यातील एक नागरिक